अंगातली शिदोरी

जुलैच्या सुरुवातीला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर शहराला लागून फ्रेझर नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे सॉकआय सॅमनचे घोळके येऊ लागतात. एकेक मासा दोन-अडीच किलोचा, पाठ निळसर, कुशी चंदेरी, अंग गच्च भरलेलं. दोन-तीन वर्षं प्रशांत महासागरात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, माकूल आणि छोटे मासे खाऊन त्याने हे अंग कमावलेलं असतं. नदीच्या तोंडाशी येईतो त्याचं खाणं थांबतं, आणि ते पुन्हा कधीच सुरू होत नाही.

या घोळक्यांपैकी 'अर्ली स्टुअर्ट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशांचा मुक्काम ११०० किलोमीटर आत, ब्रिटिश कोलंबियातल्या स्टुअर्ट सरोवराकडच्या ओढ्यांत असतो. मुंबई ते दिल्ली सरळ रेषेत जेवढं अंतर आहे, जवळपास तेवढंच. चढ सुमारे ७०० मीटरचा, प्रवाह अंगावर येणारा, वाटेत अरुंद घळी, आणि वेळ साधारण चार आठवडे. पोहोचल्यावरही उसंत नाही. मादी शेपटीने वाळू-गोटे उडवून खड्डा खणते, जागेसाठी इतर माद्यांशी भांडते. नर एकमेकांना चावे घेत माद्यांपाशी जागा राखतात. अंडी घालून झाली की काही दिवसांत दोघंही मरतात.

एवढं सगळं उपाशीपोटी. शिदोरी असते ती अंगातच. मासा स्वतःचं शरीर जाळत वर चढतो, आणि कोणता साठा आधी सोडायचा, कोणता शेवटपर्यंत राखायचा, याचा क्रमही त्याच्या शरीरात ठरलेला असतो.

आयडलर आणि क्लेमन्स या दोन संशोधकांनी १९५९ साली याचा जमाखर्च मांडला. वाटेवर ठिकठिकाणी मासे धरायचे, त्यांचे अवयव वेगळे करायचे, प्रत्येकातली चरबी, प्रथिनं आणि पाणी मोजायचं, असं ते चिकाटीचं काम होतं. नर असो वा मादी, स्टुअर्टच्या वाटेवर मासा आपली ९० टक्क्यांहून अधिक चरबी संपवतो, असं त्यातून दिसलं. प्रथिनांमध्ये मात्र दोघांत फरक होता: नराची साधारण तृतीयांश गेलेली, मादीची निम्म्याच्या आसपास. अंड्यांमधला बलक तिच्याच अंगातून तयार होतो, त्यामुळे तिच्या वाट्याला दुहेरी खर्च.

स्नायूला तीन प्रकारचं जळण चालतं: साखर, चरबी आणि प्रथिनं. माशाच्या स्नायूत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. ती चटकन पेटते, प्राणवायू कमी पडला तरी कामाला येते. पण तिचा मोठा साठा अंगावर बाळगणं परवडत नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवावं लागतं. चरबी कोरडी साठते, आणि ग्रॅममागे साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देते. पाण्याचं वजन धरून हिशेब केला तर एक किलो चरबीचं काम करायला आठ किलोंच्या आसपास ग्लायकोजेनचा साठा वाहावा लागेल. लांबच्या वाटेला निघणारा पक्षी असो की मासा, तो चरबीच बांधून घेतो, त्याचं कारण हे.

तिसरं जळण प्रथिनांचं, आणि तिथेच गोष्ट बिकट होते. चरबी हा खरोखरचा साठा आहे. प्रथिनांचा वेगळा असा साठा शरीरात नसतोच. प्रथिनं जाळायची म्हणजे स्नायूच मोडायचा.

पण आधी स्नायूंविषयी. सुरमईची तुकडी तळायला घेण्याआधी उजेडात धरून पाहावी. मधे काटा, भोवती पांढरं मांस, आणि दोन्ही कुशींना, कातडीच्या लगेच खाली, काळपट लाल रंगाचा एकेक त्रिकोणी डाग. बांगडा आणि तारलीत हा पट्टा चांगला जाड असतो, पापलेटात नावापुरता. पुष्कळ घरांत उग्र लागतो म्हणून तो काढून टाकतात. माशाच्या दृष्टीने मात्र तो पट्टा म्हणजे प्रवासाचं सगळं भांडवल. हे लाल स्नायू. त्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन असतं (लाल रंग त्याचाच) आणि चरबी जाळणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची गर्दी असते. मासा संथ लयीत तासन्‌तास पोहतो तो या पट्ट्याच्या जोरावर. सॅमनच्या वजनात लाल स्नायूंचा वाटा अगदी थोडा, पण हजार किलोमीटरचं बरंचसं काम त्याच्याकडे.

बाकी सगळं पांढरं मांस, शरीराच्या निम्म्याहून जास्त वजनाचं, एरवी जवळपास स्वस्थ असतं. शत्रू मागे लागला, धबधबा आडवा आला, की ते जागं होतं. ग्लायकोजेन जाळून काही सेकंदांची प्रचंड ताकद देतं आणि लगेच थकतं. मागे उरतं लॅक्टेट. ते निस्तरायला माशाला काही तास लागतात. सॅमनमध्ये त्यातलं बरंचसं लॅक्टेट स्नायूतच पुन्हा ग्लायकोजेनमध्ये बदललं जातं, आणि त्या दुरुस्तीसाठी लागणारी ऊर्जा येते मुख्यतः चरबीतून. म्हणजे उडी साखरेवर मारली तरी बिल शेवटी चरबीच्या नावावर फाटतं.

चरबी स्नायूपर्यंत पोहोचवणंही सोपं नाही. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून नेताना प्रथिनांच्या वेष्टणात बांधावी लागते. ओटावा विद्यापीठातले ज्याँ-मिशेल वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेझरमधल्या सॉकआयच्या रक्ताचे नमुने वाटेवर निरनिराळ्या ठिकाणी तपासले. रक्तातली बहुतेक चरबी लायपोप्रोटीनच्या रूपाने वाहत होती. माणसाच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत जी 'एचडीएल', 'एलडीएल' नावं येतात, तीच ही मंडळी. ट्राउट या सॅमनच्या भाऊबंदावर वेबर यांनी केलेल्या कामातून आणखी एक गंमत कळली: हा मासा विश्रांतीतही चरबी सतत मोडत आणि पुन्हा जोडत असतो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. हे उधळेपण वाटतं खरं, पण अचानक जोर लावायची वेळ आली तर जळण आधीच सुटं झालेलं असतं.

फ्रेझरच्या वाटेवर जोर लावायच्या जागा पुष्कळ आहेत. सर्वांत बदनाम 'हेल्स गेट', म्हणजे नरकाचं दार. इथे दोन कड्यांमध्ये नदी ३५ मीटरांपर्यंत आक्रसते. १९१३-१४ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामात इथे सुरुंगाचा मलबा आणि पुढे दरड नदीत कोसळली, प्रवाह आणखी खवळला आणि लाखो मासे खालीच अडकून मेले. १९४५-४६ मध्ये काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधून झाल्यावर वाट थोडी सुसह्य झाली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले स्कॉट हिंच यांनी १९९० च्या दशकात सॉकआयच्या स्नायूंत बारीक विद्युताग्रं बसवून, रेडिओच्या मदतीने, या घळीतून जाताना मासा किती जोर लावतो ते काठावर बसून ऐकलं. काही मासे काठाकाठाने, जिथे पाणी उलटं फिरतं तिथून, फारसा जोर न लावता वर सरकत. काही भर प्रवाहात शिरून दमछाक करून घेत. घळीत सर्वांत जास्त उधळपट्टी नरांची होती.

उलट्या फिरणाऱ्या पाण्याचा फायदा किती असतो, हे जेम्स लियाव आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. वाहत्या पाण्यात एक अर्धगोल खांब उभा केला की त्याच्यामागे आलटून पालटून भोवरे सुटतात. ट्राउट त्या भोवऱ्यांमधून अंग वळवत एका जागी टिकून राहतो, तेव्हा त्याचे फक्त डोक्याकडचे लाल स्नायू काम करत असतात. बाकीचे जवळजवळ गप्प. पुढे तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खांबामागे चक्क मेलेला ट्राउट ठेवला होता. भोवऱ्यांनी त्याचं लवचीक अंग अशा रीतीने हलवलं की तो प्रवाहाविरुद्ध पुढे सरकला. कुठे पोहायचं हे कळलं, तर किती पोहायचं ते अर्ध्यावर येतं, आणि वाट काढणारे मासे हे ज्ञान वापरतात.

चुकीच्या जागी लावलेल्या जोराची किंमत लगेच दिसत नाही. लिलुएट गावाजवळ फ्रेझरला मिळणाऱ्या सीटन नदीवर एक धरण आहे. तिथे हिंच यांच्याच गटाने माशांना वेग नोंदवणारी यंत्रं लावली. धरणाखालच्या जोराच्या पाण्यातून झटके मारत जाणारे मासे धरण ओलांडून गेले, पण त्यांतले कित्येक वर पोहोचल्यावर, अंडी घालण्याआधीच मेले. माद्या जास्त. मत्स्यमार्गातून किती मासे पार झाले एवढंच मोजून खूश होणाऱ्या अभियंत्यांना हा चांगलाच धडा होता. मासा दारातून आत गेला, याचा अर्थ त्याने घर गाठलं असा होत नाही.

वाटेच्या उत्तरार्धात चरबी आटत आली की पांढरे स्नायू मोडायला सुरुवात होते. टॉम मॉम्सेन, फ्रेंच आणि पीटर होचाचका यांनी १९८० साली ही प्रक्रिया तपशिलात उलगडली. स्नायूतली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं तयार होतात. त्यांतली बरीच 'अ‍ॅलनिन' या एकाच अमिनो आम्लाच्या रूपात रक्तात उतरतात, यकृताकडे जातात, आणि तिथे त्यांच्यापासून ग्लुकोज बनतं किंवा ती थेट जळणात लागतात. मादीचं यकृत याच मालातून बलकाचं प्रथिनही घडवतं आणि अंडाशयाकडे पाठवतं. मोडतोड होते ती पांढऱ्या स्नायूंची. लाल पट्टा आणि हृदय यांना मात्र जवळजवळ हात लागत नाही. ज्यांच्यावर चालायचं ते पाय शेवटपर्यंत शाबूत ठेवायचे आणि पाठीवरचं ओझं खात जायचं, असा हा क्रम आहे. होचाचका हे आयुष्यभर प्राण्यांचं शरीर अडचणीत कसं निभावतं याचाच अभ्यास करणारे जीवरसायनज्ञ होते, आणि सॅमनसारखं उदाहरण त्यांनाही दुसरं सहज सापडलं नसतं.

मुक्कामी पोहोचलेल्या माशाला कापून पाहिलं तर हे सगळं डोळ्यांना दिसतं. समुद्रात लालभडक असलेलं मांस फिकट पडलेलं, बोट लावलं तर मऊ, पाणचट. जिथून चरबी आणि प्रथिनं गेली तिथे पाणी भरलेलं. मांसात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच. आतडी आक्रसून दोरीसारखी झालेली. मांसाला लाली देणारं अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य चरबी उतरताना मोकळं होऊन कातडीत आणि अंड्यांत गेलेलं, म्हणून मासा बाहेरून कुंकवासारखा लाल आणि डोकं हिरवं. नराचा जबडा आकड्यासारखा वाकलेला, पाठीवर कुबड. ते कुबडही उपाशीपोटीच उभारलेलं आहे, हे लक्षात घेतलं की नरांचा डामडौल किती महागडा असतो ते कळतं.

या खर्चाला एक तळही आहे. सॉकआयच्या अंगात किलोमागे सुमारे ४ मेगाज्यूल, म्हणजे साधारण साडेनऊशे किलोकॅलरी ऊर्जा उरली की तो मरतो. त्याखाली जगलेला मासा सहसा सापडत नाही. वाटेत नेहमीपेक्षा चार दिवस जास्त मोडले, तर ते चार दिवस या शिल्लकीतूनच वजा होतात.

फ्रेझरच्या प्रत्येक उपनदीचा सॉकआय त्या त्या वाटेनुसार शिदोरी बांधून आणतो, हे या संशोधनातलं सर्वांत विलक्षण निरीक्षण. ग्लेन क्रॉसिन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या घोळक्यांची तुलना केली. लांब आणि उंच जाणारे मासे नदीत शिरताना जास्त चरबीचे, अंगाने लहान आणि निमुळते होते. त्यांच्या माद्यांत अंडी कमी होती. समुद्रापासून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या वीव्हर क्रीकला जाणारे मासे कमी चरबीचे आणि थोराड. पोहण्यासाठी ठेवलेली चरबी अंड्यांना मिळत नाही आणि अंड्यांना दिलेली पोहायला मिळत नाही. घरी एकदाही परत न गेलेला मासा (लहानपणी बाहेर पडला तेव्हा तो बोटाएवढा होता) परतीच्या चढाएवढं नेमकं सामान समुद्रातच भरून ठेवतो, ते पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं कमी पडलं ते वाटेतच मेले म्हणून.

फ्रेझरच्या काठच्या मूळ रहिवाशांना ही चरबीची उतरंड प्रयोगशाळांच्या आधीपासून ठाऊक आहे. लिलुएटच्या आसपास उन्हाळ्यात घळीतून गरम कोरडा वारा वाहतो. तिथे सॅमनचे चिरे पाडून ते वाऱ्यावर सुकवतात. नदीच्या मुखाजवळचा मासा फार तेलकट, तो वाऱ्यावर सुकण्याआधी खवट होतो. तीनेकशे किलोमीटर चढून आलेल्याची चरबी नेमकी उतरलेली असते. वर्सोव्याच्या किंवा उत्तनच्या कोळणीला हे समजावून सांगावं लागणार नाही. बोंबील वलांडीवर सुकतो तो अंगात चरबी नसल्यामुळे, आणि तारली तशी सुकवली तर तिचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

चरबी जाळायला प्राणवायू लागतो, आणि प्राणवायू पोहोचवतं हृदय. इथे नदीच्या तापमानाचा प्रश्न येतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाच्या शरीराची मागणी मात्र वाढते. हृदयाची गती वाढत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे ते पुरवठा करू शकत नाही. मग अंगात चरबी असूनही ती जाळता येत नाही. एरिका एलियासन, टोनी फॅरेल, हिंच आणि इतरांनी २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की चिल्को सरोवराकडे चढणाऱ्या सॉकआयचं हृदय मोठं आहे, त्याला रक्तपुरवठा चांगला आहे, आणि गरम पाण्यातही ते बराच वेळ तग धरतं. वीव्हर क्रीकसारख्या जवळच्या ठिकाणी जाणाऱ्या माशांची कुवत त्या मानाने तोकडी. फ्रेझरचं उन्हाळी तापमान १९५० च्या दशकापासून दीड अंशाहून अधिक वाढलं आहे. १८-१९ अंशांच्या वर गेलेल्या पाण्यात अनेक घोळके अडचणीत येतात, आणि इथेही माद्यांची मर जास्त.

त्यातच १९९५ पासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. शरद ऋतूत चढणारे घोळके पूर्वी मुखाशी, समुद्रात काही आठवडे थांबत. ते न थांबताच नदीत शिरू लागले. नदी तेव्हा गरम असते, आणि अंडी पिकायला वेळ असतो, म्हणून मासे वर जाऊन सरोवरांत उपाशी वाट पाहतात. काही वर्षी यांतले ९० टक्क्यांहून जास्त मासे अंडी न घालताच मेले.

२०१९ च्या जूनमध्ये लिलुएटच्या उत्तरेला बिग बार इथे मोठी दरड नदीत कोसळलेली आढळली. तिच्यामुळे सुमारे पाच मीटरचा धबधबा तयार झाला होता. माशांना हेलिकॉप्टरने उचलून वर सोडायची मोहीम झाली. सुमारे ६०,००० मासे असे गेले. पण सर्वांत आधी येणाऱ्या अर्ली स्टुअर्टच्या माशांना तो धबधबा पुरून उरला. त्या वर्षी त्यांतले जवळपास सगळेच मुक्कामी पोहोचले नाहीत. ज्यांची शिल्लक ठरावीक दिवसांचीच होती, ते धबधब्याखाली उड्या मारमारून ती संपवून बसले.

अमेरिकेत याहून कठीण वाट आहे. आयडाहो राज्यातल्या रेडफिश सरोवराकडे जाणारा सॉकआय १४५० किलोमीटर जातो आणि सुमारे २००० मीटर चढतो. कोलंबिया आणि स्नेक या नद्यांवर त्याला आठ धरणं ओलांडावी लागतात. १९९२ साली त्या सरोवरात एकच मासा परतला, नर. लोकांनी त्याचं नाव 'लोनसम लॅरी' ठेवलं.

सगळेच मासे सॅमनसारखे खर्चिक नसतात. युरोपच्या नद्यांत वाढणारा ईल उलट दिशेने, नदीतून समुद्राकडे जातो. अटलांटिक ओलांडून सार्गासो समुद्रापर्यंत पाच-सहा हजार किलोमीटर, तोही काही न खाता. तो तिथे अंडी घालतो हे डॅनिश संशोधक योहानेस श्मिट यांनी १९२२ मध्ये, इवल्या पिल्लांच्या आधारावर मांडलं होतं. खुणेची यंत्रं लावलेले मोठे ईल तिथे पोहोचल्याचा थेट पुरावा १०० वर्षांनी, २०२२ मध्ये मिळाला. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात ईलना पाण्याच्या बोगद्यात १७३ दिवस पोहायला लावून ५,५०० किलोमीटर चालवण्यात आलं. तेवढ्याच अंतराला सॅमनच्या जातीच्या माशाला जेवढी ऊर्जा लागेल, तिच्या चौथ्या ते सहाव्या हिश्शात ईलने काम भागवलं. सापासारखं वळवळणं धीमं आहे, पण काटकसरीचं.

उत्तर अमेरिकेतल्या शॅड माशाची कथा आणखी वेगळी, आणि आपल्याला जवळची, कारण शॅड आपल्या पाला माशाचा नातेवाईक. फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत चढणारा शॅड अंगातली ७० ते ८० टक्के ऊर्जा संपवतो आणि अंडी घालून मरतो. उत्तरेला कनेक्टिकट नदीत तोच शॅड ४० ते ६० टक्केच खर्चतो. त्यातले बरेच समुद्रात परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. एकच जात, दोन नद्या, दोन वेगळे शेवट.

पाला, म्हणजे बंगालचा इलिश, मरत नाही. तो पावसाळ्यात नदीत चढतो, अंडी घालून समुद्रात परततो. चढणीच्या काळात त्याचं खाणं बरंच कमी होतं, आणि निघताना अंगात भरलेली चरबी हीच त्याची पुंजी असते. इलिशची चव म्हणजे ही चरबी. अंडी घालून परतणारा पाला खाणाऱ्याला नको वाटतो, कारण त्याची शिदोरी संपलेली असते. आंध्रात राजमहेंद्रीच्या बाजारात गोदावरीच्या पुरात धरलेला 'पुलसा' हजारो रुपयांना विकला जातो. समुद्रात हाच मासा 'विलसा' असतो आणि त्याला तो भाव नसतो. गोदावरीत पुलसा आता फार वर चढू शकत नाही. समुद्रापासून शंभर किलोमीटरच्या आतच धवळेश्वरमचा बंधारा त्याला अडवतो. गंगा-यमुनेतून हाच मासा पूर्वी अलाहाबाद, कानपूर, कधी आग्र्यापर्यंत जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेतला इलिश जवळजवळ संपला. गुजरातेत भरूचजवळ भाडभूत इथे नर्मदेच्या मुखाशी बंधारा उभा राहतो आहे. त्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध मुख्यतः याच माशासाठी आहे.

कोकणातल्या आणि घाटातल्या ओढ्यांवर पहिल्या पावसात चढणारे वलगणीचे मासे हे याच गोष्टीचं छोटं रूप. त्यांचा प्रवास काही शे मीटरांचा, फार तर काही किलोमीटरांचा. त्यांना लांब पल्ल्याची चरबी नको, बांधावरून उडी मारायला पांढऱ्या स्नायूंचा झटका हवा. अंगातली बाकी बचत गाबोळीत गेलेली असते. शिवडे, मळे, खवल असे मासे मृगाच्या पहिल्या पुराला रात्री शेतात शिरतात तेव्हा पोटात अंडीच अंडी असतात, आणि ओहोळाच्या तोंडाशी, अगदी अरुंद जागेत, त्यांची वाट पाहत जाळी, खोईण, बांबूचे सापळे लावलेले असतात. वलगण धरणं ही गावची जुनी हौस आहे, ती सोडा असं कोणी म्हणत नाही. पण यंदा ओढ्यावर गेलात तर जाळं काठापासून काठापर्यंत लावू नका. अर्धा ओहोळ मोकळा सोडा, आणि पहिल्या पुराच्या दोन रात्री तरी गाबोळीच्या माशांना वर जाऊ द्या.